एका कंदिलावरचं बी.ए.

२०१६ च्या दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा आबांचं (म्हणजे माझे आजोबा) बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवलं होतं. सात फाइल्स आहेत, कुठली वीस मिनिटांची कुठली पाचच मिनिटांची, मागं कोंबड्या, टीव्ही, आणि जवळजवळ प्रत्येक फाइलमध्ये मधूनच आजीचा आवाज. आबा आता नाहीत, आजीही नाही. गेल्या महिन्यात पोरीला कॉलेजला ॲडमिशन घेताना तिनं सहज विचारलं की पणजोबा कुठल्या कॉलेजला होते, तेव्हा त्या फाइल्स परत काढून ऐकल्या, आणि दोन रात्री दुसरं काही सुचलंच नाही. म्हणून हे लिहून ठेवतोय.

आबा सातारच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे. कॉलेज सुरू झालं जून १९४७ मध्ये आणि आबा पहिल्याच बॅचला. म्हणजे स्वातंत्र्याच्या दोन महिने आधी.

पण त्यांची गोष्ट कॉलेजपासून सुरू होत नाही, ती सुरू होते थोरल्या आबांपासून. थोरले आबा म्हणजे आबांचे मोठे भाऊ, घरात सगळे त्यांना दादा म्हणायचे. सातारा जिल्ह्यात तेव्हा घरटी एक माणूस पलटणीत असायचा, आमच्याकडून जवळच असलेल्या अपशिंग्यातनं तर पहिल्या महायुद्धात ४६ जण परत आले नाहीत, इंग्रज सरकारनं त्याचा दगड बसवलाय गावात. दादा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतनं इटलीला गेले. सेनिओ नदीवर जी लढाई झाली, एप्रिल १९४५ मध्ये, ज्यात नामदेव जाधवांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्याच पलटणीत दादा होते. दादांना लिहिता वाचता येत नव्हतं. घरी यायची ती पत्रं एक हवालदार लिहून द्यायचा, मग सेन्सॉरवाले वाचायचे, आणि इकडं आल्यावर आबा सगळ्या घराला मोठ्यानं वाचून दाखवायचे कारण घरात वाचता येणारे तेवढे एकच. आबा म्हणायचे, "दादाचं पत्र आलं की त्यात दादा कुठंच नसायचा. मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवा. बास. चार वर्सं तेच."

१९४६ मध्ये दादा परत आले. फार बोलायचे नाहीत. पलटणीतनं मिळालेल्या पैशातनं एक बैल घेतला, विहिरीचं अर्धं राहिलेलं काम पुरं केलं, आणि उरलेलं वेगळं काढून ठेवलं. आबा मॅट्रिक झाल्यावर घरात विषय निघाला की आता पुढं काय, तलाठ्याच्या हाताखाली चिकटावं का, तर दादा म्हणाले "त्यो शिकंल." एवढंच. चर्चा संपली.

पुण्याला जाऊन राहणं जेवणं फी हे काही झेपणारं नव्हतं. तेवढ्यात कळलं की सातारलाच कर्मवीर भाऊराव पाटलांनी कॉलेज काढलंय आणि तिथं काम करून शिकता येतं. रयत शिक्षण संस्था आज सगळ्यांना माहिती आहे, १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काल्यात सुरू झाली, १९२४ ला सातारला आली, पण हे लक्षात घ्या की तोपर्यंत खेड्यातल्या पोरानं मॅट्रिक होणं हीच शेवटची पायरी होती. शेतकऱ्याच्या, बलुतेदाराच्या, महारामांगाच्या पोरानं बी.ए. व्हायचं ते आपल्याच जिल्ह्यात राहून, खिशात पैसे नसताना, ही कल्पनाच नवीन होती. अण्णांनी (आबा कर्मवीरांना कायम अण्णाच म्हणायचे) तो रस्ता दाखवला, कमवा आणि शिका.

आता हे "कमवा आणि शिका" आपण फार गुळगुळीत करून टाकलंय, लायब्ररीत दोन तास पुस्तकं लावायची असं काहीतरी वाटतं. आबांच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या फाइलला ते सविस्तर सांगतात. पहाटे उठायचं, प्रार्थना, मग कामाच्या टोळ्या पडायच्या. कोणी शेतावर, कोणी खडी फोडायला, कोणी बांधकामावर माती आणि दगड वाहायला, कोणी कोठीवर दळणाला. माळ होता सगळा, दगड वेचून वेचून त्याची जमीन करायची. तीन-चार तास हे करून मग आंघोळ, भाकरी, आणि कॉलेज. संध्याकाळी परत काम. हाताला फोड आलेले असायचे त्यामुळे पहिल्या वर्षी वर्गात नोट्स घेताना टाक धरवत नसे, आबा सांगतात की पहिल्या टर्मच्या वह्यांमधलं अक्षर त्यांचं त्यांनाच लागायचं नाही. "पण आम्ही फुकट शिकलो न्हाई," हे वाक्य त्या सात फाइल्समध्ये मी मोजलं, चार वेळा आहे. कोणी त्यांना म्हटलं की तुमच्या वेळी संस्थेनं फुकट शिकवलं, की आबांना राग यायचा. फुकट नव्हतं ते, राबून होतं.

आणि वर्गात सगळं इंग्रजीत! मॅट्रिकपर्यंत इंग्रजी हा एक विषय म्हणून शिकलेली ही पोरं एकदम इतिहास, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र सगळं इंग्रजीतनं ऐकायला लागली. पहिले दोन महिने काहीच कळलं नाही असं आबा सरळ सांगतात. पुस्तकं विकत घेणं शक्य नव्हतं, एक पुस्तक आणायचं आणि आळीपाळीनं हातानं उतरवून काढायचं. त्यात युद्ध संपून दोन वर्षं झाली तरी टंचाई काही संपलेली नव्हती. कापड कंट्रोलचं (म्हणजे सरकारनं ठरवून दिलेल्या भावात, ठरवून दिलेलं तेवढंच), साखर कंट्रोलची, रॉकेल तर मोजूनमापून. म्हणजे रात्री अभ्यास करायचा कशावर हा खरा प्रश्न.

खोलीत पाच जण आणि कंदील एक. आबा त्या चौघांना गावावरनंच ओळखायचे, शेवटपर्यंत त्यांची नावं कमी आणि गावंच जास्त घ्यायचे. पाटणचा, खटावचा, कोरेगावचा आणि हातकणंगल्याचा. पाटणचा मराठा, खटावचा मुसलमान, कोरेगावचा महार समाजातला (पुढं १९५६ नंतर ते बौद्ध झाले), हातकणंगल्याचा जैन. एका कंदिलाभोवती पाच जण वाचत बसले तर कोणालाच नीट दिसत नाही, म्हणून त्यांनी ठरवलं की एकानं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. अर्ध्या तासानं पुस्तक पुढच्याकडं. ज्याची पाळी असेल त्यानं त्या दिवशी काच राखेनं पुसून लख्ख करायची. असा त्यांनी चार वर्षं अभ्यास केला. त्यामुळे झालं काय की आबांचं इंग्रजी सगळं कानातनं आलेलं. इंग्रजीच्या पेपरला लावलेल्या नाटकातलं एक लांबलचक भाषण आबांनी मला ८८ व्या वर्षी घडाघडा म्हणून दाखवलंय, फाइल नंबर चार, आणि त्यातले उच्चार आबांचे नाहीत, ते खटावच्याचे आहेत. आबाच म्हणाले मला. "ह्यो शब्द मी पुस्तकात कधी बघितलाच न्हाई, त्याच्या तोंडनंच ऐकला." खटावचे १९८० च्या आसपास गेले. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये ते आहेत असं मला वाटतं, खरंच वाटतं.

जेवण करायलाही पाळ्या होत्या. आज आपल्याला त्यात विशेष काही वाटणार नाही पण आबांच्या पिढीला वाटायचं, कारण गावात कोरेगावच्याच्या घरच्यांना आमच्या आडावर पाणी भरता येत नव्हतं आणि इथं तो थापतो ती भाकरी आबा खातात. पहिल्या दिवशी घास उतरला नाही हेही आबांनी लपवलं नाही. म्हणाले, भूक लागली होती, काम करून आलो होतो, समोर भाकरी होती, आणि तरी हात थांबला, त्याची लाज मला आजपण वाटते. मग शेजारचे सगळे खायला लागले तसं त्यांनीपण खाल्लं. दुसऱ्या दिवशी काही वाटलं नाही. सुट्टीत घरी गेल्यावर त्यांनी हे आईला सांगितलं तर आईनं आठ दिवस त्यांना चुलीजवळ येऊ दिलं नाही. तेव्हा दादा म्हणाले म्हणे, "तिकडं खंदकात आमी येका डब्यात खायचो" आणि स्वतःचं ताट घेऊन आबांच्या शेजारी बाहेर ओसरीवर येऊन बसले. आठ दिवस दोघं भाऊ ओसरीवर जेवले.

भाकरी थापायला मात्र आबा तिथं शिकले ते कायमचे. आमच्या गल्लीत भाकरी थापणारा पुरुष तेवढा एकच होता.

मजा करायचे का, असं मी विचारलं होतं. करायचे की! पण पैसे न लागणारी. पहाटे अजिंक्यताऱ्यावर पळत जाणं, सुट्टीला माहुलीला संगमावर पोहायला, तालमीत कुस्ती, संध्याकाळी हुतूतू. आठवडी बाजारात नुसतं हिंडायचं. कोणाकडं दोन आणे आले की पाच जणांत दोन चहा. परीक्षा पास झाल्यावर मोती चौकातले कंदी पेढे, तेही मोजून प्रत्येकी एक. गॅदरिंगला पोवाडे, लेझीम, वादविवाद. वादविवादाचे विषय काय असायचे तर संस्थानं विलीन झाली पाहिजेत का, कूळकायदा, शिक्षणाचं माध्यम मराठी असावं का इंग्रजी. हे विषय त्यांना कोणी दिलेले नव्हते, ते त्यांच्या घरात चालू होते. पाटणच्याचा मामा पत्री सरकारच्या (म्हणजे बेचाळीसनंतर इंग्रजांविरुद्ध सातारकडं चाललेल्या प्रतिसरकारच्या) काळात भूमिगत होता, त्याला भाकरी पोचवायला हा स्वतः रात्रीचा डोंगर चढलेला, वय वर्षं तेरा. असा पोरगा स्टेजवर उभा राहून बोलायला लागला की काय बोलत असेल!

मुली? वर्गात तीन होत्या. चार वर्षांत आबा त्यातल्या एकीशीही बोलले नाहीत. एकदा एकीनं लायब्ररीत वही परत करताना "धन्यवाद" म्हटलं तर आबा पळून आले. इथं रेकॉर्डिंगमध्ये मागून आजीचा आवाज येतो, "कोण ती?" आणि दोघं बराच वेळ हसतात.

१५ ऑगस्टचं मी फार अपेक्षेनं विचारलं होतं. आबांना त्या दिवसाचं भाषण आठवत नाही, झेंडा आठवतो, प्रभातफेरी आठवते, घसा बसलेला आठवतो, आणि शिरा आठवतो. कोठीवर जपून ठेवलेली साखर त्या दिवशी बाहेर काढली होती. ते म्हणाले त्या दिवसापासून शिऱ्याचा वास आला की मला झेंडा दिसतो.

आता १९४८ चं. हे लिहू की नको असा दोन दिवस विचार केला, पण आबांनी सांगितलंय तर लिहिणारच.

३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला. बातमी रात्री बोर्डिंगात पोचली, कोणी जेवलं नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर सगळीकडं ब्राह्मणांची घरं जाळली गेली. आमच्या गावातही. आमच्या गावचे मास्तर, ज्यांनी आबांना इंग्रजीची पहिली अक्षरं गिरवायला दिली, ज्यांनी घरी येऊन आमच्या पणजोबांना सांगितलं होतं की ह्याला शाळेतनं काढू नका, त्यांचं घर जाळलं. आबा ही गोष्ट सांगताना एक वाक्य फार सावकाश बोलतात. "बाहेरचं कोण न्हवतं. आपलीच माणसं हुती. नावं मला ठाव हायत." नावं त्यांनी सांगितली नाहीत, मीही विचारली नाहीत. दादांनी मास्तरांना, त्यांच्या बायकोला आणि दोन पोरींना रात्री आमच्या गोठ्यात आणलं, वैरणीमागं बसवलं, आणि पहाटे बैलगाडीतनं सातारला पोचवलं. आबांना हे दहा दिवसांनी कळलं. सातारला मास्तर एका नातेवाईकांकडं उतरले होते तिथं आबा भेटायला गेले. काय बोलावं ते कळेना. मास्तरांनीच विचारलं, "परीक्षा कधी आहे?" आणि शेजारी बसवून एक तास इंग्रजीचा पेपर कसा सोडवायचा ते शिकवलं. घर जळून दहा दिवस झालेला माणूस. पुढं ते कुटुंब पुण्याला गेलं आणि गावात परत आलं नाही. त्यांची जागा अजून तशीच पडून आहे, मी लहानपणी तिथं क्रिकेट खेळलोय, मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षी भाऊराव अण्णांनी गांधीजींच्या नावानं १०१ हायस्कुलं काढायचा संकल्प केला. आणि त्याच काळात सरकारनं संस्थेचं अनुदान बंद केलं. म्हणजे बाहेर महागाई (डिसेंबर १९४७ मध्ये धान्यावरचा कंट्रोल उठवला तसे ज्वारीचे भाव भडकले, वर्षाच्या आत कंट्रोल परत आणावा लागला) आणि इकडं कोठी रिकामी. तेव्हा कामाला आले ते गावोगावच्या बायकांचे मूठ-मूठ दाणे. मुष्टिफंड तो, दळायला बसताना एक मूठ बाजूला काढायची बोर्डिंगच्या पोरांसाठी. आबा आणि खटावचे सुट्टीच्या दिवशी पोती घेऊन खेड्यांत जायचे गोळा करायला. एका म्हातारीनं मूठभर ज्वारी घातली आणि परत हाक मारून म्हणाली, थांब, काल इसरली हुती, आणि अजून एक मूठ घातली. आबांना ती म्हातारी ७० वर्षांनी दिसत होती, बोलताना हातानं ती मूठ करून दाखवत होते, ऑडिओत ते दिसत नाही पण मी समोर होतो.

परीक्षांचं एक गमतीचं आहे. आबा कॉलेजला लागले तेव्हा कॉलेज मुंबई विद्यापीठाचं, आणि १० फेब्रुवारी १९४९ ला पुणे विद्यापीठ स्थापन झालं, बारा जिल्हे त्याच्याकडं आले, त्यात सातारा. बॅरिस्टर जयकर पहिले कुलगुरू. त्यामुळे आबांची बी.ए. ची डिग्री पुण्याची, १९५१ ची. ते सर्टिफिकेट घ्यायला म्हणून पहिल्यांदा पुण्याला गेले. गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला विद्यापीठाला दिलेला, तो बघून आले. दादांच्या पलटणीला पगार देणाऱ्या सरकारचा गव्हर्नर जिथं राहायचा तिथल्या पायऱ्यांवर आपण बसून शिदोरीची भाकरी खाल्ली, हे त्यांना फार वाटलं होतं.

नोकरी लगेच लागली, त्या नव्यानं निघालेल्या हायस्कुलांपैकीच एकात. ३४ वर्षं शिकवलं.

आजीचं राहिलं. लग्न १९५० च्या मे महिन्यात, म्हणजे आबा शेवटच्या वर्षाला जायच्या आधी. आजी सोळा वर्षांची, मराठी चौथी शिकलेली, पहिल्या नंबरानं. सहाव्या फाइलमध्ये ती आबांना थांबवून बोलते आणि पुढची अकरा मिनिटं आबा एक शब्द बोलत नाहीत. "हे तिकडं खडी फोडून शिकलं म्हणून सगळी सांगत्यात. मी हितं खुरपत हुते तवा दादांना ह्यांच्याकडं ज्वारी धाडता आली. मलाबी शिकायचं हुतं. मला कुणी इचारलं न्हाई." मग बराच वेळ फक्त कोंबड्यांचा आवाज आहे. आबांच्या कौतुकात आम्ही सगळेच आजीला विसरलो, हे मी आता लिहून ठेवतोय कारण ते रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत मी स्वतः विसरलो होतो. त्या डिग्रीत आजीचं एक वर्ष आहे, दादांचा बैल आहे, मास्तरांचा एक तास आहे, त्या म्हातारीची दुसरी मूठ आहे.

सातव्या फाइलमध्ये परत दादा येतात. कॉलेजच्या पोरांनी सुट्टीत गावात प्रौढांना शिकवायचं असं होतं. १९४९ च्या उन्हाळ्यात आबांनी मंदिरात रात्रीचा वर्ग सुरू केला, दहा-बाराजण यायचे, पाटीवर सही शिकायचे आणि सही आली की यायचे बंद व्हायचे. दादा सहीनंतरही येत राहिले. दुसऱ्या उन्हाळ्यात जोडाक्षरं शिकले. काय करायचंय तुला एवढं शिकून, असं आबांनी एकदा विचारलं तर म्हणाले, एक पत्र लिव्हायचंय.

सेनिओच्या काठावर त्यांच्या शेजारी त्यांचा एक दोस्त पडला होता, माण तालुक्यातला. त्याच्या आईला सरकारी तार गेली होती, पण तो कसा गेला, शेवटी काय म्हणाला, हे फक्त दादांना माहिती होतं आणि ते त्यांना हवालदाराला सांगून लिहून घ्यायचं नव्हतं. आबांनाही सांगून लिहून घ्यायचं नव्हतं. सहा वर्षं ते तसंच होतं त्यांच्यापाशी.

१९५१ ला आबा डिग्री घेऊन घरी आले त्या दिवशी दादांनी चिकटवलेलं पाकीट त्यांच्या हातात दिलं. पत्ता दादांच्याच अक्षरात, ओळ थोडी वर चढत गेलेली. दुसऱ्या दिवशी सातारला जाताना आबांनी ते पोवई नाक्यावरच्या पेटीत टाकलं. आत काय होतं ते आबांना शेवटपर्यंत माहिती नव्हतं. मी विचारलं, वाचावंसं वाटलं नाही का, तर म्हणाले, "चार वर्सं त्याची सगळी पत्रं मीच वाचली हुती की. ते एक त्याचं त्याला राहू दे म्हनलं."